तेरा वेळा गैरहजर

"बाई, दोनपैकी एक काय ते ठरवा," असं कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनाने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा नक्कलबाईंनी पिशवीतून चष्मा काढला, माहितीपुस्तक उघडलं आणि चौदावं पान त्याच्या नाकासमोर धरलं.

"वाचा. विद्यार्थी कोणतेही दोन मुख्य विषय निवडू शकतो. कोणतेही."

"पण संगणकशास्त्र आणि फौजदारी न्याय असं कोणी घेत नाही हो. एक वरच्या मजल्यावर, एक तळमजल्यावर. धावपळ होईल तुमची."

"जिने चढायची सवय आहे मला. लिहा."

कारकुनाने त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि लिहिलं. तो लिहिणार हे नक्कलबाईंना आधीच माहीत होतं. खिडकीच्या आतल्या बाजूला त्यांनी स्वतः तेवीस वर्षं काढली होती. नियमाचं पान दाखवलं की आतला माणूस चिडतो, पण लिहितो.

कोर्टाच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये त्या नकला द्यायच्या. कोणाला जुन्या खटल्यातला कागद हवा असला की तो खिडकीशी अर्ज करायचा. नक्कलबाई मागच्या रॅकमधून फाइल काढायच्या, नक्कल करायच्या, 'खरी नक्कल' असा शिक्का मारून खाली सही ठोकायच्या. त्यामुळे शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे त्यांना नक्कलबाईच म्हणत. खरं नाव काय ते हजेरीपटाला ठाऊक. वय सेहेचाळीस, अंगकाठी काटकुळी, आवाज मात्र तळघरातून पहिल्या मजल्यावर पोचेल असा. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

तेवीस वर्षांत हजारो निकाल त्यांच्या हाताखालून गेले, आणि नक्कल करायची म्हणजे वाचणं आलंच. एखादा निकाल पटायचा. एखादा वाचून दिवसभर डोकं तापलेलं राहायचं. पण "बाई, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारणारा माणूस त्या इमारतीत अजून जन्माला यायचा होता.

मग कोर्टात संगणक आले. जुन्या फायली संगणकात भरायचं काम तिघांच्या गळ्यात पडलं आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त नक्कलबाईंनी एकटीने भरल्या. सर्वांत वेगवान नोंदींबद्दल त्यांना भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं, ते महिन्याभरात बंद पडलं. या नोंदींवर कुठल्याशा कंपनीने एक प्रोग्राम बसवला. आरोपीचं नाव टाकलं की तो दहापैकी आकडा द्यायचा: या माणसाला जामिनावर सोडलं तर तो तारखेला येईल की दांडी मारेल. एक म्हणजे गरीब गाय, नऊ म्हणजे पळणारच. न्यायाधीशांनी तो आकडा मानलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण समोर आकडा असताना त्याच्याविरुद्ध जायला छातीही लागते आणि वेळही लागतो, आणि बिचाऱ्यांकडे रोजची साठ प्रकरणं असायची.

हा आकडा नेमका येतो कुठून, असं नक्कलबाईंनी कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं. तो हसला. "काकू, ते आतलं असतं. तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही फक्त बटण दाबा."

काकू म्हणाला त्याचं त्यांना काही वाटलं नाही. 'नाही कळायचं' हे मात्र वर्मी लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कॉलेजचं माहितीपुस्तक आणलं. एक विषय त्या इंजिनिअरसाठी आणि एक स्वतःसाठी, असं त्यांचं सरळ होतं.

घरी सासूबाईंनी विचारलं, "या वयात फौजदारी? कोणाला आत टाकायचंय?"

"अजून ठरवलं नाही," नक्कलबाई म्हणाल्या. सासूबाई पुढचे दोन दिवस फार गोड वागल्या.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मितभाषी माणूस, दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळून काम करणाऱ्याला बडबडीची हौस राहत नाही. तो एवढंच म्हणाला, "कर. पण मधेच सोडू नकोस." ही पदवी नक्कलबाईंना किती हवी होती हे त्याला ठाऊक होतं. एकोणिसाव्या वर्षी त्यांचं कॉलेज एकदा सुटलं होतं, आणि घरात कोणाच्या पदवीचा विषय निघाला की त्या उठून भांडी घासायला लागायच्या, घासलेली असली तरी.

वर्ग सकाळी सातला सुरू व्हायचे. आधी वर संगणक, मग खाली फौजदारी, आणि साडेनऊला डबा काखोटीला मारून कोर्ट. संगणकाच्या मॅडम तिशीच्या, फार हुशार आणि जराशा भित्र्या. नक्कलबाईंच्या पहिल्याच प्रोग्रामने थांबायचं नाव घेतलं नाही आणि तो सगळ्या पडद्यावर एकच शब्द छापत सुटला, तेव्हा मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "निदान चिकाटी आहे." फौजदारी न्याय शिकवायला एक निवृत्त तुरुंगाधिकारी होते. त्यांना सगळे जेलर सर म्हणत. कायद्याचं कलम सांगून झालं की ते खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "हे झालं पुस्तकातलं. आता आत काय होतं ते सांगतो." तेवढा भाग नक्कलबाई वहीत दोनदा लिहून घ्यायच्या.

अशी दोन वर्षं आणि वर सहा महिने गेले. नक्कलबाई एकाही विषयात मागे राहिल्या नाहीत. आता फक्त शेवटचा प्रकल्प उरला होता. दोन्ही विषयांचा मिळून एकच प्रकल्प, त्यावर तोंडी परीक्षा, ती पास झाली की पदवी. प्रकल्प कशावर करायचा हे काही सुचत नव्हतं.

ते सुचवलं एका रंगाऱ्याच्या बहिणीने.

ती खिडकीशी आली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. पन्नाशीची बाई, हातात अर्ज. भावाच्या जुन्या खटल्यातला रोजनामा तिला हवा होता. रोजनामा म्हणजे त्या त्या तारखेला कोर्टात काय झालं, कोण आलं, कोण नाही, याची दोन ओळींची नोंद. त्या जुन्या खटल्यातून भाऊ निर्दोष सुटला होता. आता शिडीच्या कारणावरून एका कंत्राटदाराशी बाचाबाची झाली, धक्काबुक्की झाली, आणि एवढ्याशा गोष्टीत त्याला जामीन नाकारला गेला होता.

"आकडा नऊ आला म्हणे," ती म्हणाली. "मागच्या वेळी तेरा तारखांना तो आला नाही म्हणून."

"मग यायचं ना तारखेला," नक्कलबाई फाइलचा क्रमांक लिहिता लिहिता म्हणाल्या. रोज दहा जणांना म्हणायच्या तसंच.

बहीण खिडकीच्या गजांना धरून वाकली. "कसा येणार हो? तो आत होता! तुमच्याच तुरुंगात होता तो. मी दर तारखेला इथे येऊन बसायचे. तुरुंगाची गाडीच यायची नाही. गाडी आली नाही आणि म्हणे माझा भाऊ आला नाही!"

नक्कलबाईंचा हात थांबला.

आता इथे कोर्टातली एक जुनी खोड सांगायला हवी. आरोपी तुरुंगात असेल आणि गाडी नाही, पोलीस नाहीत, अशा कारणाने त्याला आणलं नाही, तर रोजनाम्यात खरं म्हणजे 'तुरुंगातून हजर केले नाही' असं लिहायला पाहिजे. पण तसं लिहिलं की तुरुंगाकडे खुलासा मागावा लागतो, खुलाशावर शेरा, शेऱ्यावर स्मरणपत्र. ही कटकट कोणाला नको असायची. म्हणून कोर्टातले कारकून सरळ 'आरोपी गैरहजर' लिहायचे आणि समासात तांबड्या पेन्सिलीने एक टिंब द्यायचे. टिंब दिसलं की समजायचं, हा पळालेला नाही, आतच आहे. हे कुठल्या नियमात नव्हतं, कोणी शिकवत नव्हतं. जुन्या कारकुनाकडून नव्याने उचलायचं. न्यायाधीशांनाही ठाऊक होतं, तेही टिंब बघून पुढची तारीख द्यायचे. सगळ्यांची सोय होती आणि कोणाचं काही बिघडत नव्हतं.

आणि संगणकात भरताना? पडद्यावर दोनच चौकटी होत्या: हजर, गैरहजर. तांबड्या टिंबाला चौकट नव्हती.

नक्कलबाईंनी रॅकमधून फाइल काढली आणि उभ्या उभ्याच तेरा पानं उलटली. पहिल्या दोन तारखांना टिंब नव्हतं. तेव्हा रंगारी बाहेर होता आणि खरोखरच आला नव्हता. त्याबद्दल त्याला पकडून आत टाकलं होतं. नंतरच्या अकराही पानांच्या समासात टिंब होतं. मग त्यांनी संगणकावर तीच नोंद उघडली. तेरा वेळा गैरहजर. खाली, नोंद कोणी केली या रकान्यात, त्यांचीच आद्याक्षरं.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. लाज वाटली, अशी की मान वर करवेना. त्या स्वतः अधूनमधून वर कोर्टात बदली कारकून म्हणून बसायच्या, तेव्हा त्यांनीही असली टिंबं दिली होती. टिंबाचा अर्थ झोपेतही सांगता आला असता. तरी नोंदी भरताना बोटं चालत राहिली, डोळ्यांनी टिंबं पाहिली आणि डोक्याने ती सोडून दिली, कारण चौकट नव्हती आणि घाई होती. नऊ हा आकडा इंजिनिअरच्या आतल्या-बितल्यातून आलाच नव्हता. तो त्यांच्या बोटांतून गेला होता. तासाभराने लाजेचा राग झाला. रागाशी त्यांची जुनी ओळख होती. त्या उठल्या आणि अधीक्षकांच्या खोलीत गेल्या.

अधीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं. "बाई, खरं सांगू? तुम्ही म्हणता ते असेलही. पण उद्या हे बाहेर पडलं तर पहिली मान कोणाची जाईल? आद्याक्षरं तुमची आहेत. गप्प बसा. नवीन नोंदी आता नीटच होतात ना?"

"आणि जुन्या?"

"जुन्या जुन्या झाल्या."

नक्कलबाई तळघरात परत आल्या. त्यांनी नक्कल अर्जाचा कोरा कागद घेतला, खिडकीच्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या आणि तो भरला. अर्जदार: अमुक कॉलेजची विद्यार्थिनी. कारण: अभ्यास. मागणी: निकाली खटल्यांचे सहाशे रोजनामे पाहायला मिळावेत. मग आत आल्या, खुर्चीत बसल्या, अर्ज वाचला, त्यात काही खोट नाही अशी खात्री करून घेतली, आवक शिक्का मारला आणि पोच फाडली. पोच घ्यायला पुन्हा बाहेर गेल्या. शेजारचा शिपाई हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होता.

संध्याकाळपर्यंत ही बातमी वर पोचली. अधीक्षक स्वतः जिना उतरून आले. "तुम्ही तुम्हालाच परवानगी दिलीत?"

"मी अर्जदाराला परवानगी दिली, साहेब. निकाली फाइल कोणालाही पाहता येते. अर्जदार कर्मचारी नसावा असं नियमात असेल तर दाखवा, अर्ज फेटाळते."

तसं नियमात नव्हतं. अधीक्षकांनी नियमावली घरी नेऊन वाचली, तरीही नव्हतं.

पुढचे चार महिने नक्कलबाई जेवणाच्या सुट्टीत खिडकीच्या बाहेरच्या बाकावर बसून रोजनामे पाहायच्या. आतून फाइल काढून द्यायला शिपाई. तो आता त्यांना "या अर्जदार" म्हणून बोलवायचा. प्रत्येक 'गैरहजर' त्या वहीत उतरवायच्या, टिंबासकट किंवा टिंबाशिवाय. कॉलेजात त्यांनी स्वतः प्रोग्राम लिहिला. हा थांबला. त्याने सांगितलं: शंभर गैरहजेऱ्यांतल्या एकेचाळीस अशा लोकांच्या, जे त्या क्षणी कुलपात होते.

मॅडमनी तो आकडा तीन वेळा तपासला. चौथ्यांदा म्हणाल्या, "बरोबर आहे," आणि लगेच दाराकडे पाहिलं. "पण बाई, एक विचारू? टिंब म्हणजे तुरुंग, हे सिद्ध कसं करणार? परीक्षक म्हणतील, कारकुनाने पेन्सिल टेकवली."

उत्तर जेलर सरांनी दिलं. "तुरुंगाच्या फाटकावर वही असते. कोण बाहेर गेलं, कोण आत आलं, त्यात सगळं असतं. मागा." मग ते म्हणाले, "गाडी नाही म्हणून माणसं पाठवली नाहीत, असं मी स्वतः किती वेळा केलं, ते मी कधी मोजलं नाही. बरं झालं कोणीतरी मोजतंय." नक्कलबाईंनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहायचं टाळलं. दोघांचीही एकच चोरी होती.

पत्र गेलं, चार आठवड्यांनी उत्तर आलं. नमुन्यादाखल विचारलेल्या चाळीस तारखांपैकी चाळीसही तारखांना ते ते कैदी आतच होते. कारण: वाहन उपलब्ध नव्हते. त्यात रंगाऱ्याच्या अकराही तारखा होत्या.

तोंडी परीक्षेच्या आठवडाभर आधी प्राचार्यांनी बोलावणं धाडलं. बाहेरचे परीक्षक म्हणून जे येणार होते ते तो प्रोग्राम निवडणाऱ्या समितीतलेच होते. प्राचार्य सज्जन गृहस्थ. त्यांनी चहा मागवला. "प्रकल्प उत्तम आहे. फक्त शेवटचं प्रकरण काढा. पद्धत ठेवा, प्रोग्राम ठेवा. तो एकेचाळीस टक्क्यांचा भाग आणि रंगाऱ्याचं उदाहरण तेवढं नको. पहिल्या श्रेणीत याल, मी सांगतो."

ही गोष्ट नक्कलबाईंनी घरी सांगितली, तेव्हा नवरा बराच वेळ पाना पुसत बसला. मग म्हणाला, "काढ ना चार पानं. पदवी घे. मग काय बोलायचं ते बोल. तीन वर्षं सकाळी पाचला उठलीस तू."

"अहो, त्या चार पानांसाठीच तर उठले होते, हे मला आत्ता कळलं!"

"आणि पुन्हा हातची गेली तर? मागच्या वेळी सुटली तेव्हा काय झालं होतं तुझं, ते तूच सांगितलंयस मला."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि घासलेली भांडी घासायला लागल्या. रडल्याही. पदवी त्यांना हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती. कागदावर आपलं खरं नाव, त्याखाली दोन्ही विषय, आणि खाली दुसऱ्या कोणाची तरी सही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर स्वतःची सही केलेल्या बाईला तेवढं वाटणारच. नवरा मागे येऊन उभा राहिला. "बरं," तो म्हणाला, "लिफ्ट अडकते म्हणून मी लिहून दिलं आणि मालकाने ते पान फाडून टाक म्हटलं, तर मी फाडेन का? नाही फाडणार. मग तुला कुठल्या तोंडाने सांगतोय? जा. नको काढूस."

परीक्षेच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला तिघं: मॅडम, जेलर सर आणि मधे बाहेरचे परीक्षक. दुसऱ्या बाजूला नक्कलबाई. शेवटचं प्रकरण जसंच्या तसं होतं. परीक्षकांनी सुरुवातच तिथून केली.

"हे टिंब म्हणजे आरोपी तुरुंगात, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. यातली पावणेदोनशे टिंबं मीच दिलेली आहेत. शेजारच्या नोंदीचं अक्षर जुळवून पाहा."

"आणि संगणकातल्या नोंदी?"

"त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्याच. पान एकोणपन्नासवर लिहिलंय."

परीक्षक मागे रेलले. आता कुठे त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "म्हणजे दोष प्रोग्रामचा नाहीच. दोष तुमचा आहे, बाई."

"हो. माझा आहे," नक्कलबाई म्हणाल्या. आवाज थोडा चढला होता. तो दाराबाहेर रांगेतल्या पोरांनाही ऐकू गेला. "पण शिक्षा दुसरेच भोगताहेत. मी चूक केली म्हणून मला काय ती नोटीस द्या, घरी बसवा. माझी चूक मोजून एका रंगाऱ्याला आत बसवता आणि वर त्याला विज्ञान म्हणता, हे मला चालायचं नाही. आणि साहेब, तुमच्या समितीने प्रोग्राम घेताना एकदा तळघरात येऊन एक फाइल उघडली असती, तर मी तिथेच होते. साडेदहा ते साडेपाच."

मॅडमनी मान खाली घातली होती. जेलर सर मात्र म्हणाले, "फाटकाच्या वहीतला उतारा परिशिष्टात जोडलाय, साहेब. पाहून घ्या."

परीक्षकांनी उतारा पाहिला. बराच वेळ पाहिला. पण त्यांनी विचारलेला शेवटचा प्रश्न एवढाच होता: "प्रकरण मागे घेता का? आत्ता घेतलंत तर निकाल आजच लावतो."

"नाही."

निकाल लागला. दोन्ही विषयांचे सगळे पेपर उत्तीर्ण, प्रकल्पात अनुत्तीर्ण. कारण: निष्कर्ष अभ्यासक्रमाच्या कक्षेबाहेर. जेलर सरांनी विरोधी मत नोंदवलं. मॅडमनी नोंदवलं नाही, आणि निकालानंतर जिन्यात गाठून त्या रडल्या. नक्कलबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण "काही हरकत नाही" असं म्हणाल्या नाहीत. हरकत होती.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याची बहीण पुन्हा खिडकीशी आली, पुढच्या जामीन अर्जासाठी आणखी एक नक्कल मागायला. नक्कलबाईंनी नक्कल दिली. मग पिशवीतून आपल्या प्रकल्पाची बांधलेली प्रत काढून गजांतून बाहेर सरकवली.

"हे कोर्टाचं नाही, माझं आहे. वकिलांना वाचायला द्या. आणि सांगा, मला साक्षीला बोलवा म्हणावं. समन्स काढा, तोंडी निरोप नको. समन्स असलं की मला वरून कोणी अडवू शकत नाही."

"तुमच्या नोकरीला काही...?" बहिणीने विचारलं.

"ते मी बघते. तुम्ही समन्स बघा."

रंगाऱ्याला जामीन मिळाला हे आधीच सांगून टाकतो, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. साक्ष झाली त्याच संध्याकाळी तो सुटला. आकडा मानायचा की नाही याची चौकशीही लागली, आणि नक्कलबाईंवरही लागली. ती चालूच आहे. पण सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

समन्स आलं त्या तारखेला नक्कलबाई तळघरातून दोन जिने चढून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. ज्या कोर्टात त्यांनी कधीकाळी टिंबं दिली होती तेच कोर्ट. समोर बाकावर अधीक्षक, दाराशी शिपाई, मागे कामाच्या कपड्यांतच आलेला नवरा. रंगाऱ्याला त्या दिवशी मात्र गाडीने वेळेवर आणलं होतं. तो कोपऱ्यात उभा होता, बारीक चणीचा, नखांत अजून रंग अडकलेला माणूस. सहाशे फायली चाळल्या तरी नक्कलबाईंनी टिंबामागचा माणूस इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

शपथ झाली. कोर्टाच्या कारकुनाने ठरलेले प्रश्न सुरू केले. नाव विचारलं. त्यांनी खरं नाव सांगितलं, आणि न्यायाधीशांनी दचकून वर पाहिलं. हे नाव ते पहिल्यांदाच ऐकत होते. व्यवसाय सांगितला.

"शिक्षण?"

"पदवी परीक्षा नापास," नक्कलबाई म्हणाल्या.

मागे कोणीतरी हसलं. सरकारी वकील उठले. "साहेब, साक्षीदार तज्ज्ञ म्हणून आलेली आहे ना? नापास कोणत्या विषयात, तेही नोंदवून घ्यावं."

न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कोणत्या विषयात?"

"आता जे सांगणार आहे त्याच," नक्कलबाई म्हणाल्या.

न्यायाधीशांनी समोरचा आकड्याचा कागद बाजूला सारला, पेनाचं टोपण काढलं आणि इतक्या वर्षांत त्या इमारतीत कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"सांगा बाई. तुमचं काय म्हणणं आहे?"